युना का हसते?

‘व्हिडिओ गेम’ म्हटलं की आपल्या घराघरांत एक ठरलेलं चित्र डोळ्यांसमोर येतं. दार लावून बसलेला मुलगा, आतून येणारे धाडधाड आवाज आणि बाहेरून ‘अरे, जेवायला ये’ म्हणून चौथ्यांदा हाक मारणारी आई. या चित्रात आई कायम दाराबाहेरच असते. आत जाऊन तीच खेळायला बसलीय, असं चित्र कुणी काढत नाही. काढलंच, तर हसण्यासाठी.

मला आज त्या दाराआडच्या गोष्टीबद्दलच बोलायचंय. २००१ च्या जुलै महिन्यात जपानमध्ये एक गेम निघाला, ‘फायनल फँटसी टेन’. स्क्वेअर नावाच्या कंपनीने प्लेस्टेशन टू या यंत्रासाठी तो काढला होता. त्याच्या ऐंशी लाखांवर प्रती खपल्या. २००६ साली जपानमधल्या ‘फामित्सु’ या मासिकाच्या वाचकांनी तर त्याला आजवरचा सर्वोत्तम गेम म्हणून पहिला नंबर दिला. हे सगळं कौतुक केलं ते बहुतेक तरुण पोरांनी. माझं म्हणणं असं, की हा गेम चाळिशीच्या पुढच्या बायकांनी खेळावा आणि इतक्या वर्षांनी खेळतोय म्हणून मुळीच संकोचू नये. त्यात एक गोष्ट सांगितलीय, आणि ती नीट कळायला थोडा संसार पाहिलेला असावा लागतो.

आधी थोडं खेळाबद्दल. सगळे गेम म्हणजे बंदुका आणि पळापळ नव्हे. त्यांच्यात एक जुनी जात आहे आळीपाळीने खेळायच्या गेमची. आपल्याला ती काही परकी नाही. बदाम सात खेळताना काय करतो आपण? आपली पाळी येईपर्यंत हातातली पानं न्याहाळतो, समोरच्याच्या मनात काय चाललंय त्याचा अंदाज घेतो आणि पाळी आली की एक पान टाकतो. आपण विचार करत असताना पलीकडच्या जाऊबाई आपल्या हातातली पानं ओढून घेत नाहीत. सारीपाट तसाच, ल्यूडो तसाच. फायनल फँटसी टेनमधली लढाईही तशीच आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एक उभी यादी दिसते. आता कोणाची पाळी, मग कोणाची, नंतर कोणाची. आपली पाळी आली की सगळं जग थांबतं.

हे थांबणं या मालिकेत कायमच होतं असं नाही. १९८७ च्या पहिल्या गेममध्ये पाळ्याच होत्या. पण १९९१ च्या चौथ्या भागापासून त्यात घड्याळ शिरलं. तुम्ही विचार करत बसलात तर तेवढ्यात शत्रू हाणून मोकळा. दहाव्या भागात लढायांची आखणी करणाऱ्या तोशिरो त्सुचिदा यांनी ते घड्याळ काढून टाकलं. तरुण पोरांना ते काहीसं संथ वाटलं असेल. मला विचाराल तर त्या माणसाने नकळत आपल्यावर उपकारच केलेत.

म्हणजे बघा ना. राक्षस समोर उभा आहे, पंजा उगारलेला आहे आणि तो थांबलाय. कुकरची तिसरी शिट्टी होऊ दे, गॅस सिलिंडरवाला दारात येऊ दे, सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ होऊ दे, तो आपला पंजा उगारून तसाच उभा! आपण हात पुसत परत येतो तेव्हा तो म्हणत नाही, की एवढा वेळ कुठे होतीस. आपल्यासाठी कुणीतरी थांबलंय, हा अनुभव बायकांना तसा दुर्मीळच. रात्रीच्या मालिका ठरल्या वेळेला येतात आणि आपल्याशिवाय पुढे जातात. मोबाईलवरची रिळं तर बोटाला थांबूच देत नाहीत, एक संपायच्या आत दुसरं हजर.

सरकारने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं एक सर्वेक्षण केलं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या कामांत जातात आणि पुरुषांची ८८, असं त्यात निघालं. मला त्या आकड्यापेक्षा त्याचे तुकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. पावणेपाच तास एका दमात काम करून बाई मोकळी होत नाही. तिचं काम दिवसभर सांडलेलं असतं आणि मधल्या फटींमध्ये तिचा स्वतःचा वेळ. दहा मिनिटं इथे, वीस तिथे. या फटींत मावेल असं काय करता येतं, हा खरा प्रश्न आहे. विणकाम मावतं, शब्दकोडं मावतं. आळीपाळीचा गेमही मावतो.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. लढाई थांबते, पण खेळ केव्हाही बंद करता येत नाही. आपण कुठवर आलो ते नोंदवून ठेवायच्या जागा ठरलेल्या असतात, चमकणाऱ्या गोळ्यांच्या. तिथे पोचायच्या आत वीज गेली तर मागचं पुन्हा चालावं लागतं. आपल्याकडच्या विजेचा लहरीपणा लक्षात घेता, गोळा दिसला की आधी नोंद करावी.

लढाईची रीतही मोठी गमतीची आहे. आपल्या बाजूला सात जण, पण मैदानात एका वेळी तिघंच. आपली पाळी आली की उभ्या असलेल्याला मागे घेऊन दुसऱ्याला पुढे आणता येतं, आणि त्यासाठी पाळी फुकट जात नाही. चपळ लांडग्यांना टिडस नावाचा मुलगा पुरतो. उडणाऱ्या पाखरांना वाकाचा चेंडूच लागतो. कवचवाल्यांना ऑरनची जाड तलवार, लिबलिबीत गोळ्यांना लुलूची जादू. यंत्रांचे स्क्रू ढिले करायला रिक्कू. कीमारी तर शत्रूकडूनच विद्या शिकतो. आणि जखमा भरून काढायला युना. कुठलं काम कोणाला सांगायचं, कोण दमलंय, कोणाला आत्ता पुढे करून चालणार नाही, हे सगळं डोक्यात ठेवायचं. लग्नघर एकहाती सांभाळलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

त्यात एक नियम फार आवडला मला. जो त्या लढाईत एकदा तरी पुढे आला, त्यालाच शिकल्याचे गुण मिळतात. मागे नुसता उभा राहिलेला कोराच राहतो. म्हणून शहाणी खेळाडू सोप्या लढाईत मुद्दाम सगळ्यांना एकेक पाळी देते, पुढे अडचणीच्या वेळी उपयोगी पडावेत म्हणून. आपल्या घरांतही ‘तो काय करणार, उगाच सांडून ठेवेल’ म्हणत आपण मुलग्यांना स्वयंपाकघराबाहेर ठेवतो आणि मग त्यांना साधा वरणभात येत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. असो, तो वेगळा विषय.

आता गोष्ट. गोष्टीतलं बरंचसं मी इथे सांगणार आहे, शेवट सोडून. इतक्या वर्षांच्या जुन्या गोष्टीत लपवण्यासारखं फार उरलेलं नसतं.

स्पिरा नावाचं एक जग आहे. समुद्र, बेटं, देवळं. हे जग रंगवताना कलाकारांनी आग्नेय आशियाई आणि ओकिनावाच्या बाजूचे रंग वापरलेत. नायकाचं जपानी नाव ‘टिडा’ हेसुद्धा ओकिनावाच्या भाषेतलं, अर्थ सूर्य. नेहमीचे युरोपातले किल्ले आणि चिलखतं इथे नाहीत. या जगात एक प्रचंड राक्षस आहे. त्याचं नावच ‘सिन’, म्हणजे पाप. तो समुद्रातून येतो आणि गावंच्या गावं धुऊन नेतो. धर्मपीठ सांगतं, की हा तुमच्या पूर्वजांच्या पापांची शिक्षा आहे, यंत्रं वापरलीत ना, त्याची. प्रायश्चित्त पूर्ण झालं की तो जाईल.

त्याला तात्पुरतं मारायचा एकच उपाय. ‘समनर’ म्हणजे महाशक्तींना आवाहन करणारी व्यक्ती. तिने देवळादेवळांतून यात्रा करायची, प्रत्येक देवळात एक शक्ती मिळवायची, सगळ्यात शेवटी झानार्कांडच्या उद्ध्वस्त नगरीत जाऊन अखेरची शक्ती मिळवायची आणि सिनला मारायचं. मग लोकांना काही काळ शांती. मग सिन परत येतो. मग दुसरं कुणीतरी यात्रेला निघतं. हजार वर्षं हे चाललंय.

युना सतरा वर्षांची आहे. दहा वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी, ब्रास्कांनी, हेच केलं होतं. देवळांमध्ये त्यांचे पुतळे आहेत. आता ती निघालीय, सोबत रक्षक म्हणून तिची जिवाभावाची माणसं. त्यांच्यात टिडस नवखा. तो दुसऱ्याच काळातून येऊन पडलेला, पाण्याखालच्या चेंडूच्या खेळातला नावाजलेला खेळाडू, बडबड्या आणि जरासा आगाऊ. गोष्ट आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो.

सुरुवातीलाच किलिका नावाच्या बंदरावर सिन येऊन जातो. घरं वाहून गेलीत, पाण्यात शवपेट्या ठेवल्यात. मेलेल्यांना निरोप दिला नाही तर ते भुतं होऊन जिवंतांना छळतात, अशी तिथली समजूत. म्हणून युना काठी घेऊन पाण्यावर नाचते. एकेक जीव प्रकाश होऊन वर जातो. काठावरच्या बाया ऊर फोडून रडतायत आणि ही सतरा वर्षांची पोर नाचतेय, चेहरा स्थिर ठेवून. आपल्याकडे दहाव्याला कावळा शिवेपर्यंत घाटावर जो ताण असतो, तो ज्यांनी अनुभवलाय त्यांना या दृश्यात काय आहे ते वेगळं सांगायला नको. गेममध्ये शत्रू मरतात आणि नाहीसे होतात, एवढंच आपण ऐकून असतो. इथे मेलेल्यांचं काहीतरी करावं लागतं, आणि ते एका मुलीच्या अंगावर आहे.

पुढे लुका नावाच्या शहरात एक प्रसंग येतो. टिडसला फार मोठा धक्का बसलाय. युना त्याला सांगते, की वाईट वाटत असलं तरी हसायचं. मी तसा सराव करते. मग तो मोठमोठ्याने, खोटं खोटं हसायला लागतो. तीही हसते. आजूबाजूचे लोक वळून बघतात. कानाला टोचेल इतकं ते हसणं खोटं आहे.

या दृश्याची जगभरातल्या पोरांनी वर्षानुवर्षं टर उडवली. काय वाईट अभिनय, काय किंकाळ्या! इंटरनेटवर तो एक ठरलेला विनोद होऊन बसला. अहो, पण ते खोटं वाटायलाच हवं ना! ते दोघं खोटंच हसतायत. दवाखान्यातून वडिलांचा रिपोर्ट घेऊन आलेली बाई दारात पाहुणे बघून ‘या, या, कधी आलात?’ म्हणते, तेव्हा तिचं हसू नेमकं कसं असतं? पंधरा वर्षांच्या मुलाला ते ऐकू येत नाही, त्याचा दोष नाही. आपल्याला पहिल्या झटक्यात ऐकू येतं. इतक्या वर्षांनी खेळण्यात नुकसान काय, असं कुणी विचारलं तर मी याच दृश्याकडे बोट दाखवेन.

कारण युना का हसते, ते अजून आपल्याला सांगितलेलं नाही. टिडसलाही नाही. तो वाटभर बडबडतोय, सिनला मारलं की काय काय करू, कुठे कुठे जाऊ. युना ऐकून घेते, मान डोलावते. लुलू नजर वळवते. वाका विषय बदलतो. अर्धा प्रवास झाल्यावर, वाळवंटातल्या एका जळत्या वस्तीत, टिडसला कळतं की अखेरची शक्ती वापरली की समनर मरते. दर वेळी. तिचे वडील तसेच गेले. हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त त्याला आणि आपल्याला माहीत नव्हतं. आपण तीस तास बटणं दाबून, लढाया जिंकून, एका मुलीला तिच्या मरणाकडे चालवत नेत होतो.

सिनेमात हे कळलं असतं तर डोळे पुसले असते. इथे हातात ते यंत्र आहे आणि पुढचं पाऊल आपणच टाकायचंय. मला वाटतं, गेम या माध्यमाला एवढंच खास जमतं, आणि ते इथे फार चोख जमलंय.

मागाहून प्रवासात तिच्याकडून एक गोळा पडतो. त्यात तिने आपला आवाज नोंदवून ठेवलेला असतो. प्रत्येकाचं नाव घेऊन निरोप. कधीचाच तयार करून ठेवलेला. माहेरी निघालेली बाई फ्रिजवर चिठ्ठ्या लावते, दूधवाल्याचे पैसे कुठे, पिठाचा डबा कुठे... त्याचीच ही पुढची पायरी.

युनाला कुणी ढकललेलं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. वाकाने, लुलूने तिला अडवून पाहिलं होतं. निर्णय तिचा आहे. ती भोळी नाही, रडकी नाही, तिला नक्की ठाऊक आहे ती कुठे चाललीय. आणि इथेच गोष्ट आपल्या अंगणात येते. कारण ‘तिने स्वतःच ठरवलं’ हे वाक्य आपणही किती वेळा ऐकतो. नोकरी तिने स्वतःच सोडली. हिस्सा तिने स्वतःच सोडला, भावाला लिहून दिला. तिला नकोच होतं. खरंही असतं ते. पण जिने सोडलं तिचं कौतुक करता करता, सोडावं का लागलं हे विचारायचं राहूनच जातं. महिला दिनाच्या सत्काराला कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. ‘त्यागमूर्ती’ हा शब्द आणि ‘त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही’ हे वाक्य, शालीबरोबर येतंच येतं. स्पिराच्या देवळांतही पुतळे आहेत. हजार वर्षांत मोजून पाच. लोक त्यांच्यासमोर हात जोडतात आणि सहाव्याची वाट बघतात.

या जगात एक जमात सगळ्यांच्या तिरस्काराची. अल्बेड. ते यंत्रं वापरतात, धर्म मानत नाहीत आणि समनरांना पळवून नेतात. वाका तर त्यांचं नाव काढलं तरी चवताळतो. आपल्यात मिसळलेली गोड रिक्कू अल्बेड आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. तर हे लोक समनरांना पळवून नेऊन काय करतात? कोंडून ठेवतात. मारायला नाही, मरू नये म्हणून. त्यांचा प्रमुख सिड, हा युनाचा सख्खा मामा. तिची आई अल्बेड होती, म्हणजे रिक्कू तिची मामेबहीण. सगळं जग पोरीला ओवाळून मरायला पाठवतंय आणि एकटा मामा तिला उचलून न्यायला बघतोय, तर जगाच्या लेखी धर्मबुडवा तोच. घरात ‘तिने का म्हणून करायचं?’ असं विचारणारी एखादी आत्या किंवा मावशी असते ना, तिलाही ‘घर फोडणारी’ हेच नाव मिळतं.

मध्ये एक लग्नही आहे. सीमोर नावाचा धर्माधिकारी युनाला मागणी घालतो. गोड बोलणारा, मोठ्या घरचा. लोकांना आनंद होईल, जगाला धीर येईल, असं त्याचं म्हणणं. त्याने स्वतःच्या बापाचा जीव घेतलाय हे युनाला पुढे कळतं, आणि त्याला जाब विचारायचा म्हणून ती त्याला सामोरी जाते. या सगळ्या भानगडीत तिचं मन काय म्हणतं, हे तिला टिडस सोडून फारसं कुणी विचारत नाही. त्याने सुचवलेलंही असतं, सोडून दे ही यात्रा. ती क्षणभर मनाने हिंडून येते, त्याच्या गावी, सगळ्यांबरोबर. आणि मग रडते. सबंध खेळात ती मोकळेपणाने रडते ती इथे.

झानार्कांडला पोचल्यावर युनालेस्का भेटते. हजार वर्षांपूर्वीची पहिली समनर, देवीच्या जागी असलेली. ती शांतपणे सांगते, की अखेरची शक्ती तयार करायला तुझ्या माणसांपैकी एकाचा जीव लागेल. कोण देणार ते निवड. आणि हो, सिन कायमचा जाणार नाहीच. ज्या शक्तीने त्याला मारलं, तीच नवा सिन होते. प्रायश्चित्त वगैरे लोकांच्या समाधानासाठी आहे. आशा लागते ना माणसाला.

किती ओळखीची वाटते ही बाई! तिने स्वतः ते सोसलंय, म्हणून पुढचीनेही सोसावं. तिला खोटं ठाऊक आहे, पण लोकांना तेच बरं वाटतं. ती दुष्ट नाही. ती पुढच्या पिढीला तीच वाट दाखवणारी ज्येष्ठ बाई आहे.

युना नाही म्हणते. वडिलांवर माझं प्रेम होतं, म्हणूनच त्यांना ज्या खोट्यापायी जावं लागलं ते मी पुढे चालवणार नाही, दुःख घेऊन जगेन पण खोट्या आशेवर नाही, अशा अर्थाचं ती बोलते. आणि हजार वर्षांची देवी विरुद्ध सतरा वर्षांची पोर अशी लढाई उभी राहते. आता सिनचं काय करायचं, हे तिला ठाऊक नाही. दुसरा उपाय हातात नसताना ती पहिला नाकारते. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याला कायम असंच सांगितलं जातं ना, की मोडायचं तर आधी पर्याय दाखव.

सगळंच गोड आहे असं नाही. गोष्ट युनाची, पण नायक म्हणून मिरवतो टिडस. लुलूसारख्या करारी बाईला पट्ट्यांचा जो पोशाख चढवलाय, तो कुणाच्या नजरेसाठी हे उघड आहे. दिग्दर्शक योशिनोरी कितासे, लेखक काझुशिगे नोजिमा, पात्रं काढणारे तेत्सुया नोमुरा, सगळे पुरुष. २००३ साली याच गोष्टीचा पुढचा भाग निघाला. त्यात तिन्ही नायिका बायकाच, युना, रिक्कू आणि पेन. आनंद व्हावा, तर त्यांची लढायची तऱ्हा कपडे बदलण्यावर बेतलेली! युना मोकळी झालेली दिसते हे खरं, पण पहिल्या भागातली ती स्थिर युना मला जास्त जवळची वाटते. आणि काही उद्योग तर निव्वळ रिकामटेकड्यांसाठी आहेत. लुलूच्या सर्वात ताकदवान शस्त्राच्या एका भागासाठी विजांच्या मैदानात एका दमात दोनशे विजा चुकवायच्या म्हणे. ज्याला चुकवायच्या त्याने चुकवाव्यात.

२०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये टोकियोत या गेमचं काबुकी नाटक झालं. ओनोए किकुनोसुके या घरंदाज काबुकी नटाने ते बसवलं आणि टिडसही त्यानेच केला. काबुकीत बायकांची कामं पुरुष करतात, त्यामुळे युना झाला नाकामुरा योनेकिची हा नट. प्रेक्षकांच्या खुर्च्याच गोल फिरणाऱ्या नाट्यगृहात, दोन भागांत प्रयोग. बालगंधर्वांच्या मुलखातल्या आपल्याला यात नवल वाटू नये. उलट उत्सुकता वाटावी, की शेले-शालू नेसून बायकांना पदर कसा घ्यायचा हे शिकवणाऱ्या आपल्या रंगभूमीने युनाचं हसू कसं केलं असतं?

भाषेची अडचण आहे, ती सांगायलाच हवी. मराठीत हा गेम नाही, हिंदीतही नाही. संवाद इंग्रजीत, खाली अक्षरं येतात. दहावीपर्यंतचं इंग्रजी शाबूत असेल तर गोष्ट कळते, सवयीने आणखी कळते. भाषेवरूनच एक गंमत. अगदी शेवटी युना एक छोटासा उद्गार काढते. जपानीत तो आहे ‘आभारी आहे’ अशा अर्थाचा. इंग्रजी करणाऱ्यांनी तिथे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं घातलं. यावर रसिकांमध्ये अजून वाद होतात. जन्मभर संसार करून प्रेमाचा शब्द तोंडातून न काढलेल्या आपल्या आईआज्यांना जपानी शब्दच पटला असता. मलाही तोच पटतो.

खेळायला जुनं यंत्रच हवं असं नाही. सुधारित आवृत्ती जपानमध्ये २०१३ साली आणि इतरत्र २०१४ मध्ये आली, २०१६ पासून साध्या संगणकावर आणि २०१९ पासून निन्टेन्डो स्विचवरही ती मिळते. मुलगा शिकायला पुण्याला गेलाय आणि त्याचं यंत्र कपाटात धूळ खात पडलंय अशी घरं काही कमी नाहीत. त्याला फोन करून वायर कुठे लावायची ते विचारावं. तो आधी हसेल, मग दोन दिवसांनी स्वतःहून विचारेल, ‘आई, कुठवर आलीस?’ ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे, त्यांना याच मालिकेचे पहिले सहा भाग मोबाईलवर मिळतात. चित्रं साधी, चौकोनी ठिपक्यांची. सुरुवात तिथूनही बरी.

गोष्ट पुरी व्हायला चाळीस-पन्नास तास लागतात. रोज अर्धा तास धरला तर तीन महिने. तेवढ्या दिवसांत एखादी मालिका नायिकेचं अपहरण एकदा आणि स्मृतिभ्रंश दोनदा करून मोकळी होते.

आणि युनालेस्कापाशी पोचलात की दाराबाहेरच्या गोळ्याला हात लावून नोंद करायला विसरू नका. आधीचं दृश्य लांबलचक आहे आणि ते पुढे ढकलता येत नाही. हरलात तर सगळं पुन्हा बघावं लागेल. ती आपल्या माणसांना जिवंत प्रेतं करून टाकते. औषध दिलं तर त्यांना अपायच होतो. आपल्याला वाटतं, आधी सगळ्यांना यातून सोडवावं. पण तिचा शेवटचा अवतार असा एक वार करतो, की जे जे धडधाकट असतील ते जागीच मरतात, आणि वाचतात ती प्रेतंच. तेव्हा एकदोघांना तसंच राहू द्यायचं. सगळ्यांना लगेच बरं करायची आपली सवय तिथे जरा आवरावी लागते.